तीस दिवसांचं सुतक

रोम, सेक्स्टिलिस महिन्याची दहा तारीख

अर्खिप्पाताईला फिलिन्नाकडून. तू, भावोजी आणि माझी मिर्तो सुखरूप असाल. या पत्रात मी एक गोष्ट मागणार आहे आणि ती वाचून तू मला शिव्या घालणार, हे मला इथूनच दिसतंय. तरी शेवटपर्यंत वाच.

कान्नेच्या लढाईची बातमी वेलियाच्या बंदरावर आमच्याआधीच पोचली असेल. त्या कार्थेजवाल्याने एका दिवसात रोमची सगळी फौज कापून काढली. इथे एक घर असं नाही जिथे रडारड नाही. बायका रस्त्यात बसून ऊर बडवतात. येणाऱ्या प्रत्येक घोडेस्वाराचा लगाम धरतात, याचं नाव ऐकलंस का, त्याला पाहिलंस का. सिनेटने शेवटी हुकूम काढला की बायकांनी घराबाहेर पडायचं नाही. मी देवळाच्या पायऱ्यांवरून पाहते आणि आत येऊन दार लावून घेते.

आता माझी अडचण. सेरेसचा वार्षिक विधी याच दिवसांत असतो. आपल्या ग्रीकांच्या देमेतेरलाच हे लोक सेरेस म्हणतात, हे तुला किती वेळा सांगितलं तरी तू नाक मुरडतेस. लेक हरवलेल्या देवीने ती शोधायची, आणि सापडली की सगळ्या बायकांनी पांढऱ्या कपड्यांत आनंद करायचा. सुतक असलेल्या बाईला त्यात पाऊल टाकता येत नाही. आणि यंदा सुतक नसलेली बाई आणायची कुठून? विधी बंद पडला. रोमन माणूस युद्ध हरला तर दुसरं लढतो, पण विधी चुकला म्हटल्यावर त्याच्या तोंडचं पाणी पळतं. म्हणून सिनेटने ठरवलं आहे की सुतक तीस दिवस, एकतिसाव्या दिवशी सगळ्यांनी कपडे बदलायचे. विधी पुढच्या महिन्यात, सप्टेंबरच्या नऊ तारखेला.

इथली पुजारीण म्हणून तो मला करायचा आहे. दुसरी पुजारीण नेआपोलिसची थिओक्सेनाबाई आहे, पण आम्ही दोघी एका छपराखाली राहतो, एकीला सुतक आलं तर दोघींना येतं आणि देऊळच बंद होतं. इथे नियम असा की मृत्यूची बातमी कानावर पडली की सुतक सुरू होतं. पडली नाही तर नाही. म्हणून मागणं एवढंच, की काहीही वाईट घडलं तरी नऊ तारखेपर्यंत मला कळवू नकोस. म्हातारे मामा खोकत असतात, भावोजींची आई अंथरुणाला आहे, मला सगळं ठाऊक आहे. कुणी गेलं तर जाऊ दे, नंतर रडेन.

मिर्तोला म्हणावं, आईने विचारलं आहे की दात नीट आले का.

तुझी फिला

—

वेलिया, अमावास्येनंतरचा चौथा दिवस

फिले, तुझ्या रोमनांच्या तारखा मला कळत नाहीत, मी आपली चंद्र बघून लिहिते. दामोन नाखव्याने काल तुझं पत्र दिलं.

शिव्या घालणार होते, पण तुझ्यापेक्षा त्या लोकांनाच घालाव्याशा वाटतात. देवी आपली, गाणी आपली, विधी आपल्या भाषेत, तो करायला बाईसुद्धा आपल्याकडून उचलून नेली, आणि वर सुतकाचे नियम तेवढे त्यांचे! साथ आली की अपोलो मागायचा, मग वैद्याचा देव मागायचा, सापासकट. अडचण आली की आमच्या दारात, आणि एरवी आम्ही ‘ग्रीकडे’. तू गेलीस तेव्हा मी म्हटलं होतं, नको जाऊस. विधवा झालीस म्हणून काय झालं, खारवलेल्या माशांचे रांजण भरायला घरात हात कमीच पडतात. पण तुला मान हवा होता. भर सभेत तुला रोमची नागरिक केलं, विधी परका असला तरी देवीकडे मागणं मागणारी बाई रोमची हवी म्हणे, आणि तू ते पत्रात तीनदा लिहिलं होतंस.

जाऊ दे. म्हातारे मामा ठणठणीत आहेत, अजून माझ्याच तोंडाला लागतात. सासूबाई सगळ्यांना पुरून उरतील. वाईट बातमी नाही, आणि आलीच तर मी तिच्यावर बूड ठेवून बसेन, झालं?

मिर्तो शेजारी बसून मेणाची पाटी ओढते आहे. देते तिला.

आई, मी मिर्तो. मावशी म्हणते चारच ओळी लिही. दात दोन आले, एक वाकडा आहे. शेळीला दोन पिल्लं झाली, एकाचं नाव मी रोम ठेवलं कारण ते सारखं ढुशा देतं. तू मला न्यायला येणार होतीस ते अजून येणार आहेस ना.

—

रोम, सेक्स्टिलिस महिन्याची तेवीस तारीख

ताई, मिर्तोच्या चार ओळी मी थिओक्सेनाबाईला दोनदा वाचून दाखवल्या. ती बहिरी आहे, तरी हसली. तिला माहीत आहे मी कुठे हसते ते.

इथे परवा एक गोष्ट झाली. लिहू की नको असं झालं होतं, पण तुला नाही सांगायचं तर कुणाला? कान्नेनंतर त्यांनी आपली पवित्र पुस्तकं उघडली. ती पुस्तकं आपल्याच भाषेत आहेत, हे मुद्दाम सांगते. त्यात काय निघालं ते आम्हाला कुणी सांगत नाही. पण बैलबाजारात दगडी खड्डा उघडला आणि एक गॉल पुरुष, एक गॉल बाई, एक ग्रीक पुरुष आणि एक ग्रीक बाई अशी चार माणसं जिवंत आत उतरवली आणि वरून शिळा लावली. मी गेले नव्हते. पण देऊळ तिथून लांब नाही. ती बाई आपल्या भाषेत ओरडत होती, ताई. बोली वेलियाची नव्हती, सिसिलीची असावी. ती विचारत होती, मी काय केलं.

देवळाचा रखवालदार माझा चेहरा बघून म्हणाला, “बाई, तुम्ही कशाला घाबरता? तुम्ही आता आमच्या.” माणूस चांगला आहे, धीर द्यायलाच म्हणाला. आणि खरं सांगू? मला बरं वाटलं. त्या क्षणी मी देवीचे आभार मानले की मी रोमची झाले. त्याची लाज दुसऱ्या दिवशी वाटली.

त्याच दिवशी विबिदिया नावाची एक बाई देवळात आली. मोठ्या घरची. कान्नेत तिचे दोन्ही मुलगे गेले. दरवर्षी विधीत ती पहिल्या रांगेत असते, म्हणून मी सांगायला गेले की नऊ तारखेला पांढरं लुगडं नेसून यायचं. 

“तुमच्या देवीची एक मुलगी गेली,” ती म्हणाली, “तीही मेली नव्हती, नुसती नेली होती. तरी म्हणे वर्षभर पृथ्वीवर दाणा उगवू दिला नाही तिनं. माझे दोन गेले. मला तीस दिवस?”

मी म्हटलं, “देवीला वर सिनेट नव्हती, बाई. तुम्हाला आहे.”

“तुला मूल आहे?”

“आहे. मुलगी. गावाकडे.”

“मग तू बोलतेस कशी?” म्हणाली आणि निघून गेली. माझंच चुकलं. पण सगळ्याच बायका तिच्यासारख्या घरी बसल्या तर विधी होणार कसा, आणि तो झाला नाही तर पुढच्या खड्ड्यात कुणाला उतरवतील, हे मी तिला सांगू शकत नव्हते.

आता आनंदाचं. मी धर्माधिकाऱ्यांना विचारलं आहे. विधी नीट पार पडला की मिर्तोला इथे आणायला त्यांची हरकत नाही. पुढच्या वर्षी दहाची होईल, फुलांची टोपली घेऊन देवीपुढे चालणाऱ्या मुलींत तिला घेता येईल. माझ्या खोलीत दुसरी खाट मावते, मी मोजून पाहिलं. नऊ तारखेनंतर दामोनच्या पहिल्याच खेपेला तिला पाठव. वाकडा दात असला तरी चालेल.

फिला

—

वेलिया, पौर्णिमा

फिले, पत्र मिळालं. ती खड्ड्याची गोष्ट वाचून मी पाटी उलटी ठेवली. तू सांभाळून राहा.

इथे सगळं ठीक आहे. द्राक्षतोडीची घाई आहे. मिर्तो मळ्यात आहे, पोरींबरोबर द्राक्षं तुडवायला गेली आहे, म्हणून तिच्या ओळी नाहीत. पाय जांभळे करून येते आणि तसेच अंथरुणात घालते. पिल्लं मोठी होताहेत.

तिला पाठवण्याचं तुझा विधी झाल्यावर बघू. दामोन निघाला आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. तू विधीकडे लक्ष दे, इकडची काळजी करू नकोस. जेवत जा.

अर्खिप्पा

—

रोम, सप्टेंबर महिन्याची दहा तारीख

ताई, झाला! झाला एकदाचा!

आवाज बसला आहे, पाय सुजले आहेत, पण तुला लिहिल्याशिवाय चैन पडेना. सकाळी मी दार उघडलं तेव्हा पायऱ्यांवर मोजक्या बायका होत्या, त्याही भिंतीला धरून उभ्या. मग गल्लीगल्लीतून येत गेल्या. पांढऱ्या लुगड्यांना पेटीतल्या घड्या तशाच पडलेल्या. बऱ्याच जणींचे डोळे सुजलेले. 

मी देवी झाले. केस सोडले, हातात मशाल घेतली, आणि लेकीला हाका मारत देवळाभोवती फिरले. आपल्या भाषेतल्या हाका, त्यांना शब्द कळत नाहीत. पण ताई, तिसऱ्या फेरीला त्या माझ्यामागून हाका मारायला लागल्या, आणि लेकीचं नाव घेईनात. आपापल्या मुलांची नावं घेत होत्या. मार्कुस, गायुस, लुकियुस. असं कधी झालं नव्हतं, नियमात बसत नाही. मी थांबवायला हवं होतं, पण मी तशीच पुढे चालत राहिले.

आणि मग सापडण्याची वेळ आली. पडदा सरला, आतून पांढऱ्या कपड्यांतली मुलगी बाहेर आली, आणि मी ओरडले, सापडली! तुला खोटं सांगत नाही, मला तिथे दुसरी कुणी दिसलीच नाही. मिर्तोच दिसली, वाकड्या दातासकट. मी त्या परक्या पोरीला असं उचललं की ती घाबरून रडायला लागली. मी हसत होते, नाचत होते. थिओक्सेनाबाई म्हणाली, चाळीस वर्षांत असा विधी पाहिला नाही.

विबिदिया शेवटी शेवटी आली. पांढरं नेसून. माझ्याजवळ येऊन एवढंच म्हणाली, “तुझं तरी सापडलं. असू दे.” तिच्या आवाजात राग नव्हता.

आता मिर्तोला पाठव. दामोनबरोबर त्याची बायको असते, तिच्या स्वाधीन कर. उलटी होते बोटीत, पुदिना हुंगायला दे. आणि गेल्या पत्रात तिच्या हातची एक ओळसुद्धा का नाही? मळ्यात गेली म्हणून काय हात मोडले होते? लाडावून ठेवलं आहेस.

फिला

—

वेलिया, अमावास्येनंतरचा दुसरा दिवस

फिले,

हे पत्र वाचताना थिओक्सेनाबाईंना जवळ बसव. खाली बसून वाच.

मिर्तो गेली. पौर्णिमेनंतरच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी. तुझ्या विधीच्या सात दिवस आधी.

तिच्या हातच्या चार ओळी तुला पाठवल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी घसा धरला. आधी वाटलं, शेळीचं कच्चं दूध प्यायली म्हणून असेल. मग ताप चढला. घशात आत पांढरं पडलं. वैद्य दोनदा आला, देवळातून राख आणली, मामांनी त्यांचा कोंबडा देवाला दिला. बारा दिवस. द्राक्षांचं, मळ्याचं मी लिहिलं ते सगळं खोटं होतं. ती आतल्या खोलीत पडली होती आणि मी बाहेर बसून ते लिहीत होते.

तू म्हणाली होतीस, काहीही वाईट घडलं तरी नऊ तारखेपर्यंत कळवू नकोस. तुझे शब्द आहेत, पाटी माझ्याकडे आहे. मी दहा वेळा वाचली. मला वाटलं, मी लिहिलं आणि तुझा विधी मोडला, तर ते लोक तुला काय करतील? त्यात तू त्या खड्ड्याचं लिहिलंस. एक तर जाते आहे, दुसरी तरी राहू दे, असं मनात आलं.

आपल्या आईच्या शेजारी पुरलं. रिवाजाप्रमाणे मी माझे केस कापले.

तुझं आनंदाचं पत्र काल आलं. ते वाचून झाल्यापासून घरात कुणी जेवलेलं नाही.

अर्खिप्पा

—

रोम, सप्टेंबर महिन्याची बावीस तारीख

अर्खिप्पा,

मी मृत्यू म्हटलं होतं. म्हातारे मामा म्हटलं होतं, तुझी सासू म्हटलं होतं. तापाने फणफणलेलं माझं मूल म्हटलं होतं का? आजारपणाचं सुतक नसतं! आजारी मुलीकडे जायला मला कुणी अडवलं नसतं. मी निघून गेले असते आणि विधी थिओक्सेनाबाईने केला असता, त्यासाठीच दोघी असतात. मी रोज मोजते आहे. पहिल्याच दिवशी तू लिहिलं असतंस तर चोविसाला मला मिळालं असतं. चार दिवसांचा दर्या. पौर्णिमेला, तू ते जांभळ्या पायांचं लिहीत होतीस त्या वेळी, मी तिच्या उशाशी असते. मला चार दिवस मिळाले असते. माझे चार दिवस तू बुडाखाली घेऊन बसलीस.

आणि ते जांभळे पाय तू आणलेस कुठून? मला ते दिसत होते. मी इतके दिवस ते डोळ्यांपुढे घेऊन झोपत होते.

आता पुढचं ऐक.

मी धर्माधिकाऱ्यांकडे गेले. मला वाटलं, मी विधी बाटवला. घरात मृत्यू झालेला असताना मी देवी झाले, नाचले. कळलेलं नसलं तरी माझ्या मनाला ते पटेना, म्हणून म्हटलं, सांगून टाकावं, काय शिक्षा देतील ती देवोत. एक वयस्क गृहस्थ आहेत, मवाळ, बोलताना माझ्यासाठी मुद्दाम ग्रीक बोलतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मुलगी कुठे जन्मली, बाप कोण, तिला नागरिकत्व होतं का, सगळं विचारलं. मग आणखी दोघा धर्माधिकाऱ्यांशी बोलून परत आले आणि हसऱ्या तोंडाने म्हणाले, “निश्चिंत असा बाई. विधी शुद्ध आहे. तुम्हाला सुतकच नाही.”

मी म्हटलं, “माझी मुलगी गेली आहे.”

म्हणाले, “तुम्हाला नागरिक केलं तेव्हा तुम्ही रोमच्या झालात. ती वेलियाचीच राहिली. धर्माच्या दृष्टीने तुमचं घर वेगळं, तिचं वेगळं. परक्या घरात मृत्यू झाला तर तुम्हाला सुतक कसं येईल? तुमच्या घरी कुणी मेलेलं नाही.”

मला आधी कळलंच नाही, इतका तो माणूस खुशीत होता. त्याला वाटलं, मला केवढी चांगली बातमी दिली. मी विचारलं, “मग विधीच्या आधीच कळलं असतं तर?” म्हणाले, “तरी काही बिघडलं नसतं. आम्हाला विचारायचं होतंत.”

विचारायचं होतंस, फिलिन्ना. तीन वर्षं इथे राहून मला एवढं माहीत नव्हतं. मला वाटलं, मूल ते मूल, सुतक ते सुतक, आपल्याकडे असतं तसं. तू गप्प बसलीस, तुला गप्प मी बसवलं, आणि ज्या नियमासाठी बसवलं तो आपल्याला लागूच नव्हता. ती गेल्याचं पत्रसुद्धा तू त्याच दिवशी पाठवू शकली असतीस. आणि मी नाचले नसते. निदान नाचले तरी नसते.

मला काळं नेसायला परवानगी नाही. सुतक नसताना सुतकाचे कपडे घालणं म्हणजे अपशकुन. रोज सकाळी पांढरं नेसून दिवा लावते.

तुझ्यावर माझा राग आहे आणि तो जाईल असं वाटत नाही. पण तुझ्याशिवाय ते बारा दिवस कुणी पाहिलेले नाहीत. मला सगळे लिही. काय खाल्लं, काय बोलली, काय मागितलं. आता खोटं एक अक्षर लिहिलंस तर पुन्हा तुझं पत्र उघडणार नाही.

फिलिन्ना

—

वेलिया, पौर्णिमेनंतरचा चौथा दिवस

फिले, शिव्या घातल्यास, बरं केलंस. घरात मला कुणीच काही म्हणत नव्हतं, त्याचा जास्त त्रास होत होता.

जांभळे पाय गेल्या वर्षीचे. खरेच होते.

पहिले तीन दिवस ती अंथरुणात बसून खेळली. पेज प्यायली. चौथ्या दिवसापासून गिळता येईना, मध पाण्यात कालवून कापसाने ओठांवर लावत होते. पाचव्या दिवशी पिल्लाला आत आणा म्हणाली. आणलं, त्याने अंथरुणात घाण केली, आणि ती हसली. ते शेवटचं हसली. मग बोलणं घोगरं झालं. तुझ्या पत्रातली दुसरी खाट मी तिला सांगितली. म्हणाली, खिडकीकडची मला. तुझ्या खोलीला खिडकी आहे का ते मला माहीत नव्हतं. मी हो म्हटलं.

आई कधी येणार, हे रोज विचारायची. मी म्हणायची, विधी झाला की. नवव्या दिवशी म्हणाली, “रोमनांना म्हणावं, दुसरी आई बघा.” भावोजी तुझे बाहेर गेले आणि ओट्यावर बसून रडले. त्या दिवशी ते मला म्हणाले, लिही फिलिन्नाला. मी ऐकलं नाही. हे मी मागच्या पत्रात लपवलं होतं. त्यांना वाटत होतं लिहावं. नको म्हणणारी मी एकटी.

आणखी एक आहे. हे मी यांनाही सांगितलेलं नाही.

शेवटच्या दुपारी ताप एकदम उतरला. तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “आई, आलीस?” आपण दोघी दिसायला सारख्या, त्यात मी डोक्यावरून पदर घेतला होता. मी सांगायला हवं होतं की मी मावशी. माझ्याच्याने होईना. मी म्हटलं, “आले गं.”

तिने विचारलं, “रोमनांनी सोडलं तुला?”

मी म्हटलं, “सोडलं. आता कायमची आले.”

मग तिने माझा हात गालाखाली घेतला आणि डोळे मिटले. त्यानंतर थोडाच वेळ होती.

तुझ्या नावावर मी ते घेतलं, फिले. तुला मिळायचं होतं ते. त्या क्षणी मला गोड वाटलं, हेही सांगते, कारण तू म्हणालीस खोटं लिहायचं नाही. मला मूल नाही, तुला ठाऊक आहे. तीन वर्षं मी तिची वेणी घातली आणि तीन वर्षं ती मला मावशी म्हणाली. त्यासाठी तू मला काय म्हणशील ते म्हण.

अर्खिप्पा

—

रोम, ऑक्टोबर महिन्याची दहा तारीख

ताई,

तुझं पत्र मी तीन दिवस जवळ ठेवलं. काय म्हणू तुला? तिला आई मिळाली. ती मी नव्हते, पण मिळाली. मी तुझा मत्सर करते, आणि तू तिथे होतीस म्हणून देवीपुढे डोकंही टेकते, दोन्ही एकाच वेळी. यापुढचं आत्ता विचारू नकोस.

मी त्या वयस्क गृहस्थांकडे पुन्हा गेले. विचारलं, मला रोमची न राहता येईल का. त्यांना आधी वाटलं मला भ्रम झाला. इथे लोक यासाठी जीव टाकतात. मग त्यांनी समजावून सांगितलं, की कायमचं राहायच्या इराद्याने मी वेलियाच्या जमिनीवर पाय ठेवला, की मी त्यांची उरत नाही. नागरिकत्व जातं, देऊळ जातं, मान जातो. पुन्हा मिळत नाही.

मी विचारलं, “आणि मुलगी?”

 म्हणाले, “मग ती तुमची होईल.”

देवीला दुसरी बाई मिळेल, नेआपोलिसहून एक येते आहे. विबिदियाला सांगायला गेले तर तिने वाटेसाठी भाकरी बांधून दिली.

तू तिला सांगितलंस की रोमनांनी मला सोडलं आणि मी कायमची आले. ते खोटं राहू नये एवढं माझ्या हातात आहे. हिवाळ्यासाठी दर्या बंद व्हायच्या आधीची दामोनची शेवटची खेप या महिन्याच्या वीस तारखेला इथून निघते, चोविसाला तिथे. तू धक्क्यावर ये. पाय ठेवीपर्यंत माझ्या घरी कुणी मेलेलं नाही, म्हणून मी पांढऱ्या लुगड्यातच उतरेन. माझ्यासाठी काळं बरोबर आण, आणि केस कापायला कात्री. घराच्या दाराबाहेर सुतकाच्या पाण्याचा घडा भरून ठेव. शेजारणींना बोलाव, रडणाऱ्या बायका सांग. त्या म्हणतील, हे तर सगळं मागेच झालं.

त्यांना सांग, फिलिन्नाची मुलगी आज गेली.

फिला